पडद्यावरचा नंबर कुणाचा?

आमच्या किहीमपासून मांडवा फार दूर नाही. १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये अमिताभच्या तोंडी मांडव्याचे नाव आले, त्याचे इकडे अजून कौतुक होते. गावाचे नाव पडद्यावर गेले तर गावाचे काही बिघडत नाही. माणसाचा फोन नंबर गेला तर काय होते, ते चेन्नईच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला विचारावे.

३१ ऑक्टोबर २०२४ रोजी 'अमरन' हा तमिळ सिनेमा लागला. त्यात साई पल्लवीने रंगवलेली नायिका नायकाला कागदावर आपला नंबर देते. तो निघाला या मुलाचा! नटीशी बोलायला मिळेल या आशेने लोकांनी फोनवर फोन केले. मुलाला ना झोप, ना अभ्यास. कुणी म्हणेल, नंबर बदलायचा होता! पण आधार, बँक, सगळे त्याच नंबराला जोडलेले. आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. पोरीच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी, बँकेचा मेसेज, बंगल्यावरच्या कामाचा निरोप, सगळे एकाच सिमवर येते. ते बंद पडले तर त्या दिवसाची मजुरीसुद्धा बुडते. त्या मुलाने गप्प न बसता १ कोटी १० लाखांची भरपाई मागितली, मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. मग निर्मात्यांनी दृश्यातला नंबर काढला.

अमेरिकेत ही अडचण जुनी. तिथे टेलिफोन कंपन्यांनी सिनेमावाल्यांना ५५५ ने सुरू होणारे नंबर वापरायला सांगितले. पुढे ५५५-०१०० ते ५५५-०१९९ हे शंभर नंबर अशा कामासाठी राखून ठेवले. ब्रिटनमध्येही नाटक-मालिकांसाठी वेगळे नंबर काढून ठेवले आहेत. तरी २००३ साली 'ब्रूस ऑलमायटी'मध्ये साधाच नंबर दाखवला, आणि तोही देवाचा! वेगवेगळ्या शहरांत ज्यांच्याकडे तो नंबर होता, त्यांना 'देव आहे का?' असे विचारणारे फोन सुरू झाले. (आम्हाला विचारले असते तर उत्तर तयार होते.) नंतर घरी पाहायच्या प्रतीत तिथे ५५५ आला.

जयंतीला नाटक बसवून त्याचे चित्रण मोबाइलवरून पसरवणाऱ्या आपल्या मुलामुलींनीही एवढे पाहावे. संवादात किंवा फलकावर नंबर हवाच असेल तर नऊच आकडे घ्यावेत. दहावा आकडाच नसला तर मोबाइल कुणाचा वाजणार?