माणूस एक, आसने दोन

२० जुलै १९६९ रोजी व्ही. व्ही. गिरी यांनी उपराष्ट्रपती व हंगामी राष्ट्रपती ही दोन्ही पदे सोडली आणि राष्ट्रपतींची कार्ये सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांच्याकडे आली. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे हे विद्यार्थी. येथेच त्यांनी वकिली केली व १९५४ मध्ये येथील उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश झाले. ९ ऑगस्ट रोजी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकास त्यांनीच संमती दिली. २४ ऑगस्टनंतर ते पुन्हा सरन्यायाधीश झाले. या कायद्यास दिलेल्या आव्हानाची सुनावणी अकरा न्यायाधीशांच्या पीठापुढे झाली. त्यात ते नव्हते. १० फेब्रुवारी १९७० रोजी दहा विरुद्ध एक अशा मतांनी कायदा रद्द ठरला.

राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करतो. त्यात त्याचे वैयक्तिक मत कोठे येते, असे कोणी विचारील. प्रश्न मताचा नसून विश्वासाचा आहे. ज्या हाताने संमती दिली, त्याच हाताने निकाल लिहिला, तर तो कितीही निर्दोष असला तरी पक्षकाराच्या मनात किंतु उरणारच.

ही कसोटी केवळ थोरांसाठी नव्हे. शिकवणी घेणारा शिक्षक त्याच विद्यार्थ्याचा परीक्षक होतो, आप्ताचा अर्ज कारकुनाच्याच टेबलावर येतो. 'मी प्रामाणिक आहे' एवढे म्हणणे तेथे पुरेसे नाही. माणूस एकच असतो. म्हणूनच दोन कर्तव्ये एकाच प्रश्नावर समोरासमोर आली की, एका आसनावरून त्याने आपण होऊन उठावे.