वीस मिनिटांचा बर्फ

या आठवड्यात एक गुळगुळीत, रंगीत पत्रक दारात येऊन पडलं आणि माझा चहा कडू झाला. मे महिन्याच्या मध्यावर नांदेडहून निघणारी सहल. अमृतसर, मनाली, चंदीगड, दिल्ली. दहा दिवस, शुद्ध शाकाहारी, सोबत आपला स्वयंपाकी. मनालीच्या दिवसापुढे छापलंय, 'बर्फावर स्कीइंगचा थरार : २० मिनिटे'. चंदीगडपुढे, 'खरेदीसाठी मोकळा वेळ : ४ तास'. सहलींवरची माझी कुरकुर या सदराच्या वाचकांना तोंडपाठ आहे, त्यामुळे यंदा गप्प बसणार होतो. पण ती वीस मिनिटं आणि ते चार तास एकाच पानावर बघितले आणि राहवेना.

सहल तशी सरळ आहे. सचखंड एक्स्प्रेसने अमृतसर, पुढे बस. मनाली समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर. मेमध्ये तिथं आणि जवळच्या सोलंग खोऱ्यात हिरवं गवत असतं. बर्फ बघायचा तर रोहतांग खिंडीकडं, ३,९७८ मीटरपर्यंत चढायचं, आणि वर जाणाऱ्या गाड्यांना रोज ठरावीकच परवाने. २०२० साली नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला, तेव्हापासून खिंडीपलीकडच्या लाहौलला जाणाऱ्याला खिंड चढायची गरज उरलेली नाही. आता तिथं चढतात ते मुख्यतः आपल्यासारखे हौशी. स्कीइंगचा खरा हंगाम डिसेंबर ते मार्च.

मग आपण मेमध्येच का जातो? आमच्या लातूरच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. फेब्रुवारीत बारावी, तिच्या पाठोपाठ दहावी, मग सीईटी, मेच्या सुरुवातीला नीट. हिमालयात बर्फ पडतो त्या महिन्यांत लातूरच्या घरात टीव्ही बंद असतो, पाहुणे बंद असतात, कुकरची शिट्टीसुद्धा बिचकत होते. 'लातूर पॅटर्न'नं किती डॉक्टर घडवले ते लोक छाती फुगवून सांगतात. त्यापायी किती आईबापांनी जानेवारीत घर सोडलं नाही, ते कुणी सांगत नाही.

आमच्या गल्लीतल्या गुरुजींनी या सहलीचे पैसे भरून टाकलेत. मी म्हटलं, "गुरुजी, बर्फच बघायचाय तर जानेवारीत जावा की."

"अन् नातवाच्या अभ्यासाचं काय करू?"

"नातू सातवीत आहे तुमचा."

"म्हणूनच तर. फाउंडेशन चालू हाय त्याचं!"

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

पत्रक नांदेडचं, पण निम्मी मंडळी लातूरची. ती अहमदपूर-लोहा करत नांदेड गाठणार. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून दोन जिल्ह्यांत वर्षानुवर्षं जे चाललं, ते बसमधल्या पुढच्या सीटवरूनही चालतं. नांदेडकर म्हणणार, गाडी आमच्या स्टेशनातून सुटते. लातूरकर म्हणणार, पैसे आधी आम्ही भरले. दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला दोन-दोन मुख्यमंत्री दिलेत, त्यामुळे माघार घ्यायची सवय कुणालाच नाही. यावर तोडगा म्हणून रोज जागा बदलायच्या असं ठरतं आणि अंबाल्याच्या पुढं ते मोडतं.

सचखंड मात्र मला मनापासून आवडते. दोन हजारांवर किलोमीटरचा प्रवास, आणि वाटेतल्या कितीतरी स्टेशनांवर लंगर. सेवेकरी बादल्या घेऊन फलाटावर उभे असतात. जाणते प्रवासी घरूनच ताट-वाटी घेऊन निघतात. आमची मंडळी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्यांचे डबे घेऊन चढतात. पहिल्या लंगराला "आपल्याजवळ हाय की" म्हणत जागेवर बसून राहतात. संध्याकाळी कढीचा वास डब्यात शिरतो आणि त्याच चटणीच्या डब्याचं झाकण हातात धरून दाराशी रांगेत दिसतात.

आणि याच रुळांवर परतूर लागतं. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाला नमवून, मार्चमध्ये ह्याच परतुरातून सदाशिवरावभाऊ उत्तरेला निघाले. उदगीर म्हणजे आपला लातूर जिल्हा, बरं का. फौजेबरोबर बायका, बाजारबुणगे आणि यात्रेकरूंचा भला मोठा लवाजमा होता. फौजेच्या आधारानं उत्तरेतली तीर्थं पदरात पाडून घ्यावीत, हा हिशेब. म्हणजे मोहीमही आणि यात्राही, एकाच खर्चात! ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला आणि सगळे कुरुक्षेत्राकडं निघाले, तेवढ्यात अब्दालीनं बागपतला यमुना ओलांडून दिल्लीची वाट अडवली. पुढचे अडीच महिने उपासमार, वर उत्तरेची थंडी, अंगावर दख्खनचे कपडे. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते सांगायला नको. सचखंड पानिपतवरूनच जाते. आम्ही गेलो होतो तेव्हा पानिपतच्या फलाटावर मी सगळ्यांना हे सांगायला उठलो, तर अख्खा डबा घोरत होता. एक जागे होते, त्यांनी विचारलं, "इथं चांगल्या शाली मिळतेत म्हणं?"

बर्फाचं राहिलंच. मनालीहून वर जाताना रस्त्याकडेला कोट आणि गमबूट भाड्यानं देणारी दुकानं लागतात, प्रत्येकावर मोठ्ठा नंबर. ड्रायव्हर त्याच्या ठरलेल्या नंबरापाशीच थांबतो. त्या कोटांत आधीच्या शंभरेक पर्यटकांचा घाम साठलेला असतो. वर पोचल्यावर एक पोऱ्या पायाला लाकडं बांधतो, दोन्ही हात धरतो आणि चार पावलं ओढत नेतो. मेमधला बर्फ भिजलेल्या खडेमिठासारखा. त्यावर घसरायचं म्हटलं तरी घसरता येत नाही. नऊवारीवर गमबूट चढवलेल्या काकू "धर की रं मला, सोडू नको" म्हणतात, फोटो निघतो, लाकडं पुढच्याच्या पायात जातात. वीस मिनिटं पत्रकात असतात. प्रत्यक्षात फोटोपुरताच वेळ मिळतो आणि तेवढ्यावर सगळे खूश असतात. गावाकडं पारा बेचाळीसवर असतो, त्यामुळं स्टेटसला लाईकही भरपूर पडतात.

मला विचाराल तर शहर आणि बर्फ एका पत्रकात कोंबणं हाच मूळ घोटाळा आहे. चंदीगडची दुकानं बारा महिने उघडी असतात. बर्फ थांबत नाही. स्कीइंग ही शिकायची गोष्ट आहे. नुसतं पडायला शिकण्यातच पहिला दिवस जातो. औलीला गढवाल मंडळ विकास निगम आणि गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची संस्था हिवाळ्यात नवशिक्यांचे वर्ग घेतात. तेव्हा ज्यांची पोरं अजून सातवी-आठवीत आहेत त्यांनी एक जानेवारी महिना अभ्यासातून काढावाच. फाउंडेशनवाल्या सरांनी रजा नाकारली तर मला कळवा, पुढचा लेख त्यांच्यावर.