कोरं का सोडलंस?

दोस्तांनो, 'आवडेल ते चित्र काढा' असं सांगितलं की वर्गातल्या निम्म्या वह्यांत एकच चित्र उगवतं. दोन डोंगर, मधोमध सूर्य, खालून निघालेली नदी, काठावर झोपडी आणि एक वाकडं नारळाचं झाड. नागपूरच्या मुलाच्या वहीतसुद्धा नारळ! हे चित्र वाईट असतं असं नाही, पण ते कुणी पाहून काढलेलं नसतं. एका वहीतून दुसऱ्या वहीत आलेलं असतं. म्हणून आज जलरंगांची पेटी घेऊन आपण स्वयंपाकघरात जाऊ. एक कांदा घ्या आणि एक स्टीलचा पेला. खिडकीजवळ ठेवा, म्हणजे उजेड एकाच बाजूने येईल.

मी काही कलाशाळेत शिकलेला चित्रकार नव्हे. रविवारी दोन तास रंगवत बसणारा हौशी माणूस. तेव्हा पुढे सांगतो ते कुणालाही जमण्यासारखं आहे.

पहिली दहा मिनिटं ब्रशला हात लावायचा नाही. डोळे किलकिले करून नुसतं पाहायचं. पेल्याचा रंग कोणता? 'करडा', असं तुम्ही म्हणाल. पुन्हा पाहा बरं. एका कडेला खिडकीचा लखलखीत उभा पट्टा आहे. त्याला लागूनच जवळजवळ काळी रेघ. मध्येच तुमच्या शर्टाचा रंग. आणि कांदा? तोही पेल्यात आहे, पण काकडीसारखा लांबट! पेल्याचा आरसा गोल असतो ना, त्यामुळे वस्तू रुंदीत दबते आणि उंचीत जवळपास तेवढीच राहते.

आता खरी गोम. पोस्टर रंगात गडदावर फिका रंग चढवता येतो. जलरंगाचं तसं नाही. जलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि डिंक. पाण्यात कालवून लावला की कागदावर पातळ, पारदर्शक थर बसतो. उजेड त्या थरातून खाली जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा वर येतो. म्हणजे जलरंगाच्या चित्रात जो उजेड दिसतो, तो कागदाचा! कागद एकदा झाकला की तो पहिल्यासारखा पांढरा पुन्हा मिळणं कठीण. (पेटीत 'चायनीज व्हाइट' असतो, हे मला ठाऊक आहे. नाव चिनी असलं तरी विन्सर अँड न्यूटन या इंग्रज कंपनीने तो १८३४ मध्ये बाजारात आणला. बारीकसारीक ठिपक्याला तो चालतो, पण कोऱ्या कागदाची चमक त्याला नाही.)

म्हणून रंगवायला बसताना पहिला प्रश्न असा : कुठे रंगवायचं नाही? पेल्यावरचा खिडकीचा पट्टा आणि कांद्याच्या गालावरचा छोटा चकाकता ठिपका. पेन्सिलीने अगदी हलक्या रेषेत या दोन जागा आखून ठेवा. बाकीचं रेखाटन बेताचं झालं तरी चालेल.

पाण्याची भांडी दोन हवीत, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचं. शेजारी जुना सुती फडका. ब्रश मोठा घ्या, गोल आठ नंबरचा. कांद्यावर आधी पिवळसर गुलाबी रंगाचा पातळ हात द्या, ठिपका वगळून. तो ओला असतानाच सावलीच्या बाजूला किंचित जांभळा सोडा आणि हात मागे घ्या. रंग आपोआप पसरत जातो, त्याला पसरू द्या. अर्धवट वाळलेल्या रंगात मात्र पाण्याचा थेंब पडता कामा नये, नाहीतर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कड उमटते. मे महिन्यात रंग ब्रश उचलेपर्यंत वाळतो. जुलैत पंख्याखालीसुद्धा ताटकळत बसावं लागतं. वाळल्यावर रंग फिका पडतो, तेव्हा पहिल्यांदा थोडा गडदच वाटू द्या. मग बारीक ब्रशने सालीच्या शिरा, सगळ्या नव्हे, चार-पाच.

सावलीला काळा रंग नको. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र करा, सुरेख करडा तयार होतो. कांद्याजवळच्या सावलीत थोडा लालसरपणाही दिसेल. पेल्याला हाच करडा, कुठे पातळ, कुठे दाट. आखलेला पट्टा मात्र कोरा.

आणि नेमकी इथेच मागून कुणीतरी येतं. 'अरे, हे कोरं का सोडलंस? भर की!' आई-बाबा, हे वाक्य तुमच्यासाठी ठेवलंय. रंगवहीत रेषेच्या आत गच्च रंग भरला की शाबासकी मिळते, म्हणून मुलं पांढऱ्या जागेला घाबरायला लागतात. त्या पट्ट्यात करडा भरला की चित्रातला पेला क्षणात मातीचा होतो. तेव्हा 'भर की'ऐवजी 'इथे काय आहे?' असं विचारा. 'खिडकी' असं उत्तर आलं, की समजा मुलाने पेला खरोखर पाहिलाय.

सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं एक चित्र मोठ्यांनी कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणारी मुलगी. बोटांमधून उजेड झिरपतोय. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. १९४५-४६च्या सुमाराचं हे चित्र चक्क जलरंगातलं आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहातलं. समोर उभी राहिली ती त्यांचीच मुलगी. ते चित्र कुठे मिळालं, तर ज्योतीजवळची बोटं आणि अंधारातली साडी आलटून पालटून पाहा.

तर या रविवारी कांदा आणि पेला. एका बैठकीत जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बसा, कारण खिडकीतला उजेड सरकतो आणि पेल्यातला पट्टाही. आणि हो, चित्र पुरं होईपर्यंत कांदा भाजीत जाणार नाही, एवढं आईकडून आधीच कबूल करून घ्या!