चाकाची हौस आणि टायरचे गणित

हौसेला मोल नसते असे आपल्याकडे म्हणतात. नसेलही, पण हौसेला माप असते. मोटारीच्या चाकाच्या बाबतीत तर ते माप टायरच्या अंगावरच उठावाच्या अक्षरांत छापलेले असते. ते कोणी वाचत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

मोटार खाली बसवायची आणि तिला मोठी अलॉयची चाके चढवायची, ही हौस आपल्या खान्देशातील तरुणांत सध्या जोरात आहे. लग्नसराईच्या दिवसांत सोनगीर फाट्यावर तासभर उभे राहिले, म्हणजे अशा दोन-चार गाड्या तरी दृष्टीस पडतात. वडीलधारी मंडळी आणि आपले काही प्राध्यापकही याला सरळ उधळपट्टी म्हणतात. मला ते मान्य नाही. साध्या पत्र्याच्या भांड्यातही पाणी राहतेच. तरी सोनगीरच्या तांबटांनी पिढ्यान् पिढ्या तांब्या-पितळेला घाट दिला, ठोके मारून झळाळी आणली. पोळ्याला आपण बैलांची शिंगे रंगवतो, झूल घालतो. त्याने नांगरट काही जास्त होत नाही. ज्या वस्तूवर आपला जीव असतो ती सजवावीशी वाटणे यात गैर काय? मात्र घाट साधावा म्हणून बूड पातळ करणारा तांबट बाजारात टिकला नसता. आमच्या मित्रांचे घोडे नेमके येथे पेंड खाते. चाक निवडताना ते रिमची चकाकी पाहतात, आणि टायर मात्र दुकानदार देईल तो घेतात.

वास्तविक टायरची भाषा फार अवघड नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी. गणिताशी माझे सख्य बेताचेच. तरी ही भाषा मला एका दुपारी समजली. घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याच हातात देतात, त्यामुळे शेजारच्या गाडीच्या दाराच्या खांबावरची चिठ्ठीही वाचण्यासाठी माझ्याकडे आली. टायरचे माप आणि हवेचा दाब तेथे कंपनीने लिहिलेला असतो. समजा माप आहे १८५/६५ आर १५. पैकी १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या शेकडा ६५ या हिशेबाने, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. शेवटचे १५ हा रिमचा व्यास, तो इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्का आणि इंच अशी खिचडी कोणी केली देव जाणे. पण जगभर ती अशीच शिजते. भिंत दोनदा मोजली आणि १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर त्यात मिळवले की संपूर्ण चाकाचा व्यास साडेसहाशेच्या आत, ६२१.५ मिलिमीटर येतो.

आता सगळी मेख या ६२१.५ मध्ये आहे. रिम मोठे केले तरी चाकाचा एकूण व्यास शक्य तितका तोच राहिला पाहिजे. म्हणजे रिम जेवढे वाढेल तेवढी टायरची भिंत कमी झाली पाहिजे. १६ इंची रिमला १९५/५५ घेतला तर व्यास ६२०.९ येतो, १७ इंचीला २०५/४५ घेतला तर ६१६.३. दोन्ही चालण्यासारखे. पण १६ इंचीला १९५/६० घातला की तोच व्यास ६४०.४ होतो, म्हणजे जवळजवळ तीन टक्क्यांनी अधिक. स्पीडोमीटरचा काटा शंभरावर असताना गाडी खरी १०३ ने पळते, हा त्याचा एक परिणाम. दुसरा अधिक वाईट. त्रिज्या साडेनऊ मिलिमीटरने वाढली, म्हणजे टायर मडगार्डच्या तेवढा जवळ गेला. आणि गाडी खाली बसवताना ती जागा आपण अगोदरच कमी करून ठेवलेली असते! तीन टक्क्यांपर्यंत फरक चालतो असे जाणकार सांगतात. खाली बसवलेल्या गाडीला तो मोठेपणाच्या बाजूने अजिबात परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे निराळे सांगावे लागू नये. लोहार चाकाचे माप घेतो, धाव त्याहून किंचित लहान करतो, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. लोखंड आकसते आणि चाकाला घट्ट आवळते. माप चुकले तर धाव एक तर बसत नाही, नाही तर वाटेत निघून पडते. अंदाजाने धाव बसवणारा लोहार मी ऐकलेला नाही. अंदाजाने टायर बसवणारे मात्र गावोगाव आहेत.

रुंदीचेही असेच. १८५ च्या जागी २०५ आला की चाक दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटर फुगते. त्यात रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमची मध्यरेषा आणि ते जेथे आवळले जाते ती बैठक यांतील अंतर, मूळच्यापेक्षा कमी असेल तर सारे चाक बाहेर सरकते. दुकानात उभी असलेली रिकामी गाडी तेव्हा फारच देखणी दिसते. मागे चार वऱ्हाडी बसले आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डला घासू लागतो. शिवाय रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवण्याची एक नवी टूम निघाली आहे, तिच्याबद्दल मी एवढेच म्हणेन की तिच्यापासून दूर राहावे.

टायरच्या मापापुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असते, तिकडे तर कोणाचेच लक्ष नसते. तो आकडा भाराचा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. १८५/६५ आर १५ वर सामान्यतः ८८ असतो. २०५/४५ आर १७ च्या साध्या टायरवर ८४ असतो. त्याच मापात जादा मजबूत बांधणीचा ८८ चा टायरही मिळतो. दोन्ही दुकानात शेजारी ठेवले तर दिसायला सारखेच. मागच्या बाकावर आपली आई बसणार आहे हे ध्यानात ठेवून कोणता मागायचा ते ठरवावे.

आता रस्त्याचे. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला, तो धक्के कमी व्हावेत म्हणून. टायरची भिंत म्हणजे हवेची गादी. १५ वरून १७ वर जाताना ती गादी १२० वरून ९२ मिलिमीटरवर येते. मग खड्ड्याचा घाव टायर गिळत नाही, तो थेट रिमवर बसतो. रिम वाकते किंवा चिरते, नाही तर टायरला फुगा येतो. भर वेगात तो फुगा फुटला तर काय होते हे महामार्गावर राहणाऱ्यांना माझ्याकडून ऐकायला नको. गतिरोधकांचीही कथा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो १० सेंटीमीटर उंच व ३.७ मीटर लांब, ताशी २५ किलोमीटरने पार करण्याजोगा हवा. स्विफ्टसारख्या गाडीच्या दोन चाकांतील अंतर सुमारे अडीच मीटर, म्हणजे अशा गतिरोधकावर सारी गाडी चढून उतरते. आपल्या गावांतले गतिरोधक मात्र अरुंद उंचवटे. गाडीचे पोटच त्यांवरून जाते. जमिनीपासून जेमतेम १६ सेंटीमीटर असलेले पोट आणखी चार सेंटीमीटर खाली आणल्यावर उरते काय? त्यातही स्प्रिंगा कापून खाली आणली असेल तर गाडी जॅकवर घेताच स्प्रिंग जागेवर सैल पडू शकते.

कायद्याकडे मुले हसून पाहतात. तरीही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, आणि मूळ नमुन्यात असा बदल करता येत नाही हे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले आहे. म्हणून पहिली वाट अशी की, त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कंपनी जे रिम व टायर देते तेच घ्यावेत. ते दिसतातही बरे.

तरीही ज्याला पुढे जायचेच आहे त्याने पैसे मोजण्यापूर्वी एक परीक्षा करावी. एक रिम टायरसह बसवून घ्यावे, मागे चौघांना बसवावे, ते चाक विटेवर चढवावे आणि स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून पाहावे. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट शिरत नसेल तर ते माप परत द्यावे, दुकानदार कितीही रागावला तरी. सोनगीर ते दोंडाईचा या रस्त्यासाठी मी स्वतः १६ इंचांवर आणि १९५/५५ वर थांबेन. स्प्रिंगांना हात लावणार नाही. माझे दोन वर्गमित्र १७ च्या पक्षाचे आहेत, आणि त्यांच्याशी हा वाद अजून चालूच आहे.