उशिरा येणारी ताकद काय कामाची?

दुचाकीच्या बाबतीत आपल्याकडे घरोघरी दोन पक्ष असतात. एक पक्ष 'पिकअप कसा आहे?' असे विचारतो आणि दुसरा 'अ‍ॅव्हरेज किती देते?' असे. मुले बहुधा पहिल्या पक्षात असतात, आई-वडील दुसऱ्या. मी वयाने दुसऱ्या पक्षात जमा झालो असलो, तरी मन मात्र अजून पहिल्यातच रमते. म्हणूनच दमदार मोटरसायकलींचे शौकीन ज्या प्रश्नावर तासन्‌तास वाद घालतात, तो आज येथे मांडावासा वाटतो. रस्त्यावर चालवायच्या शक्तिमान मोटरसायकलीला टर्बोचार्जर बरा की सुपरचार्जर? प्रश्न यंत्राचा आहे, पण उत्तर शोधता शोधता आपण चालवणाऱ्याच्या जिवापाशी येऊन पोहोचतो, आणि तो विषय घरातल्या दोन्ही पक्षांचा आहे.

भाता कोण हलवतो?

इंजिनाची ताकद पेट्रोलमध्ये असते, असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे. पेट्रोल जळायला हवा लागते. वजनाच्या हिशेबाने १ ग्रॅम पेट्रोलला साधारण १५ ग्रॅम. म्हणजे सिलिंडरमध्ये हवा शिरेल तेवढ्याच पेट्रोलचे चीज होणार. ताकद वाढवायची तर सिलिंडर मोठा करा, इंजिन अधिक वेगाने फिरवा, नाहीतर आहे त्याच सिलिंडरमध्ये हवा दाबून भरा. हा तिसरा मार्ग गावच्या लोहाराला केव्हापासून ठाऊक आहे. भाता हलवला की निखारा फुलतो! टर्बोचार्जर आणि सुपरचार्जर हे दोन्ही भातेच आहेत. फरक आहे तो भाता हलवणाऱ्यात.

सुपरचार्जरचा भाता इंजिन स्वतःच हलवते. इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला, तो गियरने किंवा पट्ट्याने जोडलेला असतो. इंजिन फिरले की तो फिरतो. टर्बोचा भाता मात्र धूर हलवतो. सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त वायूंच्या वाटेत एक लहानसे चक्र बसवतात. वायूंच्या झोताने ते गरगरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा इंजिनात ढकलते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच.

कागदावर हिशेब मांडला तर टर्बोच जिंकेल. सुपरचार्जर हलवण्यात इंजिनाची थोडी ताकद खर्ची पडते. टर्बो मात्र वाया जाणाऱ्या धुरातून काम करून घेतो. घाट चढणारा मालट्रक पाहा. अर्धा-पाऊण तास इंजिनावर सारखा भार, धुराचा झोत अखंड, चक्राला उसंत नाही. टर्बोला याहून चांगले सासर मिळणार नाही. आज रस्त्यावरच्या बहुतेक डिझेल मोटारींतही तो सुखाने नांदतो आहे. तेव्हा टर्बोला मी नावे ठेवत नाही. माझे म्हणणे इतकेच, की मोटरसायकल म्हणजे मालट्रक नव्हे.

वळणावरची गोष्ट

मूठ पिळली की आधी धूर वाढणार, मग चक्र वेग घेणार, मग हवा दाबली जाणार आणि मग ताकद येणार. या मधल्या खोळंब्याला जाणकार 'टर्बो लॅग' म्हणतात. मोटारीत तो खोळंबा फारसा जाणवत नाही. जाणवला तरी चार चाकांवर ती स्थिर उभी असते. मोटरसायकल वळणावर कललेली असते. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा. चालवणारा मूठ पिळतो, काहीच होत नाही. म्हणून तो आणखी पिळतो, आणि नेमक्या त्या क्षणी मघाशी मागितलेली ताकद एकदम मागच्या चाकावर येऊन आदळते. चाक सरकले की पुढचे सांगायला नको.

हा नुसता तर्क नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत कावासाकीच्या विक्रेत्यांकडे टर्बो बसवलेली झेड-१-आर टीसी मिळत असे, पण कारखान्याच्या वॉरंटीशिवाय! पुढे १९८२ मध्ये होंडाने थेट कारखान्यातून सीएक्स-५०० टर्बो आणली. साध्या सीएक्स-५००ची ताकद ५० अश्वशक्तीच्या आसपास, टर्बोची ८२. पाठोपाठ यामाहाची एक्सजे-६५० टर्बो, सुझुकीची एक्सएन-८५ आणि कावासाकीची जीपीझेड-७५० टर्बो आली. कावासाकीच्या अभियंत्यांनी टर्बो सिलिंडरच्या अगदी तोंडाशी बसवला, धुराची वाट आखूड केली आणि ११२ अश्वशक्ती मिळवली. चौघांत हीच सर्वांत गुणी. तरीही १९८०चे दशक संपायच्या आत चारही गाड्या बंद पडल्या. त्या महाग होत्या, जड होत्या, गुंतागुंतीच्या होत्या. शिवाय हवा दाबून भरायची तर मुळातले कॉम्प्रेशन कमी ठेवावे लागते, नाहीतर इंजिन ठोके देऊ लागते. त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत गाडी मरगळलेली वाटे. त्याच काळात साधी, टर्बो नसलेली इंजिने इतकी सुधारली, की तेवढीच ताकद हलक्या आणि समंजस गाडीत मिळू लागली.

सुपरचार्जरची वाट निराळी. १९३९ मध्ये गेओर्ग मायर यांनी आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकली, ती सुपरचार्जर लावलेल्या ५०० सीसी बीएमडब्ल्यूवर. महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, शर्यतींत सुपरचार्जरला बंदी झाली आणि ही विद्या मागे पडली. ती रस्त्यावर आणली कावासाकीने, २०१४ मध्ये जगापुढे ठेवलेल्या निन्जा एच-२ या गाडीतून. ९९८ सीसीचे इंजिन, ताकद सुमारे २०० अश्वशक्ती. हवा ढकलणारे चक्र अवघे ६९ मिलिमीटरचे, पण इंजिनाच्या वेगाच्या ९ पटींहून अधिक वेगाने, मिनिटाला सुमारे १ लाख ३० हजार फेऱ्यांपर्यंत फिरणारे. कावासाकी समूहात विमानांची इंजिने आणि गॅस टर्बाइन घडवणारे लोक आहेत. त्यांचे ज्ञान येथे कामी आले.

या आकड्यांपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते त्या चक्राचे गियरने बांधलेले असणे. इंजिनाचा वेग आणि भात्याचा वेग यांचे नाते ठरलेले आहे. कालची मूठ आणि आजची मूठ सारखेच उत्तर देते. माणसाचा हात असे नाते शिकू शकतो. धुराच्या लहरीवर चालणारे नाते शिकणे त्याला फार अवघड जाते. म्हणून माझे मत सुपरचार्जरला.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही खरे आहे. सुपरचार्जर इंधन खातो, उष्णता वाढवतो आणि गाडीची किंमत कुठल्या कुठे नेतो. आजचे टर्बो पूर्वीसारखे आळशी राहिलेले नाहीत, इलेक्ट्रॉनिक्सने त्यांना बरीच शिस्त लावली आहे. २०२४ मध्ये होंडाने तर विजेवर फिरणाऱ्या कंप्रेसरचे तीन सिलिंडरी इंजिन दाखवले; ना धुराची वाट पाहायची, ना क्रँकशाफ्टच्या वेगाला बांधून घ्यायचे. कदाचित आपला वाद तिथेच मिटेल. पण होंडाने विजेची वाट धरली यातच, मोटरसायकलीला धुराचा भरवसा पुरत नाही, हेही आले.

आमच्या इमारतीतल्या एका मुलाने परवा विचारले, "काका, आपल्या गाडीला बाहेरून टर्बो किट बसवून घेतला तर?" मी म्हणालो, "बाळा, इंजिन वाढवशील. ब्रेक, चेन, क्लच, फ्रेम हे कोण वाढवणार?" कारखान्यात ताकद वाढते तेव्हा तिच्याबरोबर हे सारे बदलते. गॅरेजात फक्त ताकद वाढते. कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत असे मनमानी बदल करू देत नाही. आणि वेग वापरणार कुठे? चौपदरी रस्त्यांवर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा २०१८ च्या अधिसूचनेने घातली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही.

मग दमदार गाडीचा शौक करूच नये काय? जरूर करावा. वेगाची ओढ तरुणपणी नसेल तर कधी असणार? मुलाने अशी गाडी मागितली तर ताशी किती पळते, हे विचारत बसू नका. त्याच्यासोबत शोरूममध्ये जा आणि एवढेच विचारा, की मूठ जेवढी पिळली तेवढेच आणि तेव्हाच ही गाडी देते का? 'हो' म्हणणारी गाडी शंभर अश्वशक्तीची असली तरी जबाबदार हाती शोभेल. 'जरा थांबा, मग बघा' म्हणणारी गाडी तिच्या निम्म्या ताकदीची असली, तरी वळणावर तिचा भरवसा धरू नये.