जुन्या वस्त्राचे मोल

आपल्या समाजातील काही तरुण मंडळी सध्या आजोबांच्या काळच्या पागडीच्या गाळ्यात जुन्या पैठण्या, शालू, जरीकाठी लुगडी यांचे छोटेखानी दुकान थाटण्याचा विचार करीत आहेत. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

जुने वस्त्र योग्य गिऱ्हाईक भेटेपर्यंत वर्षभरही थांबते. नव्या गाळ्याचे भाडे इतका धीर धरू देत नाही. जुन्या भाडेकरूस तो परवडतो, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अन्वये संरक्षित जागेची वार्षिक भाडेवाढ साधारणतः 4 टक्के आहे. मात्र जुन्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे, वस्त्र मलमलीत गुंडाळावे व दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी. एकाच घडीवर रेशीम चिरते. डांबरगोळी जरीस लागू देऊ नये.

कराबाबत, वस्तू व सेवा कराच्या नियम 32(5) नुसार जुन्या मालावर खरेदी-विक्रीतील फरकावरच कर भरता येतो. त्यासाठी खरेदीवरील कराची वजावट घेतलेली नसावी. साडी कापून पोशाख शिवला, तर मालाचे स्वरूप बदलते व ही सोय उरत नाही.

खरी कसोटी खरेदीच्या वेळी लागते. पूर्वी रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा देत. पुढे तांब्याची आणि नंतर प्लास्टिकची जर आली. दिसायला सारी पिवळीच. औषधपाण्याच्या खर्चासाठी लग्नातला शालू घेऊन आलेल्या वृद्धेस हा भेद ठाऊक नसतो. केवळ चांदीच्या वजनाचा भाव सांगितला, तरी ती समाधानाने परत जाईल. तोच शालू अखंड विकताना दुकानदार कितीतरी अधिक मिळवील. तिचे अज्ञान हे आपले भांडवल मानू नये. सुटलेल्या टोकाची तार तिच्यासमोर खरवडून दाखवावी: चांदी पांढरी दिसते, तांबे तांबूस. चांदीचे मोल आणि विणकामाचे मोल वेगवेगळे सांगावे. एवढी रक्कम हाताशी नसल्यास काही उचल देऊन वस्त्र विकून देण्याच्या बोलीवर ठेवावे व ठरलेली दलाली कापून उरलेले पैसे पोहोचते करावेत.

यात नफा घटतो, हे खरे. परंतु हा माल घराघरांतल्या पेट्यांतून येतो, आणि एका घरची पेटी उघडली की शेजारच्या घरी त्याची वार्ता जाते. म्हणून वस्त्राचे वर्णन व दिलेली किंमत लिहिलेली सहीची पावती विकणाऱ्याच्या हाती द्यावी; तिचीच प्रत आपल्या वहीत राहू द्यावी.