गाडी थरथरते तेव्हा

मैत्रिणींनो, मुलांना शाळेत सोडणे, सासूबाईंना दवाखान्यात नेणे, महिन्याचा बाजार आणणे यासाठी आपल्यापैकी कितीतरी जणी आता स्वतः मोटार चालवतात. पण गाडी कुरकुरू लागली, की "यांना सांगते" म्हणून आपण मोकळ्या होतो. आणि एकटीने गॅरेजमध्ये जायची वेळ आलीच, तर मेकॅनिक जे सांगेल ते मान्य करून पैसे मोजतो. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते, ही तक्रार तर अगदी नेहमीची. तिचे कारण स्वस्तातले असू शकते, तसेच हजारो रुपयांचेही. म्हणून थरथर नेमकी केव्हा होते, एवढे आपण आधी पाहून ठेवावे. निम्मे निदान तिथेच होते.

पहिली परीक्षा उभ्या गाडीची. गाडी उघड्यावर लावा, बंद जागेत नको. धूर जिवावर बेततो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि ॲक्सिलरेटर हलकेच दाबा. जागच्या जागी गाडी हादरली, तर दोष इंजिनाकडचा. मात्र तीन सिलिंडरच्या लहान गाड्या उभ्या असताना मुळातच थोड्या थरथरतात, तो दोष नव्हे. शिवाय उभी शांत असली म्हणून इंजिन निर्दोष ठरत नाही, बरं का! चढावर, ओझ्याखाली मगच चुकणारी इंजिनेही असतात.

दुसरी परीक्षा चालत्या गाडीची. रिकाम्या, सरळ रस्त्यावर थरथर सुरू झाली, की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. वेग तोच असताना थरथर चालूच राहिली, तर चाके तपासा. पाय उचलताच थांबली, तर इंजिन किंवा चाकांना फिरवणारा शाफ्ट, या दोहोंपैकी एक.

आता एकेक कारण पाहू.

मिसिंग : पेट्रोल गाडीत हे कारण सर्वांत जास्त आढळते. चार बर्नरपैकी एक मधूनच विझावा, तसे एका सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही. गाडी गचके खाते, पीकअप जातो. झिजलेला स्पार्क प्लग किंवा निकामी कॉइल ही नेहमीची कारणे. प्लग किती किलोमीटरला बदलायचा, ते गाडीच्या पुस्तिकेत असते. कॉइलची परीक्षा सोपी आहे : मेकॅनिकने ती शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. मिसिंगही तिच्यामागे गेले, तर कॉइलच खराब. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो; तिथे डिझेल फिल्टर आणि इंजेक्टर पाहावे लागतात.

एअर फिल्टर : धुळीने काळा झालेला फिल्टर इंजिनाचा श्वास कोंडतो. बहुतेक गाड्यांत बॉनेट उघडून, चिमटे काढून तो आपल्याला पाहता येतो.

इंजिनाचे माउंटिंग : इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते, ते फाटले की गिअर टाकताना किंवा पाय दाबताना "धप्" असा धक्का बसतो. मिक्सरखालचे रबरी पाय निघाले की तो ओट्यावर कसा नाचतो, तसेच.

शाफ्ट : जोर दिल्यावर हादरे आणि पाय उचलताच शांतता, असे असेल तर शाफ्टचा आतला सांधा झिजलेला असू शकतो. वळणावर "कट्कट्" आवाज आला, तर बाहेरचा. सांध्यावरचे रबरी आवरण फाटून ग्रीस उडाले आहे का, ते पाहायला सांगा. आवरण वेळीच बदलले, तर सांधा वाचतो.

चाके : ताशी ७०-८० किलोमीटरच्या पुढेच थरथर होत असेल, तर व्हील बॅलन्सिंग करून घ्या. वॉशिंग मशीनमध्ये कपडे एका बाजूला गोळा झाले की ते धडधडते ना? तोच प्रकार. स्टिअरिंग हलले तर बहुधा पुढची चाके, सीट हलली तर मागची.

क्लच : थांबलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये हलवतानाच हादरा बसतो आणि पुढे सारे ठीक, तर क्लच प्लेट तपासावी. इतर वेळी थरथरणाऱ्या गाडीला "क्लच गेला" असे कोणी सांगितले, तर कारण विचारा.

दोन गोष्टी मात्र उद्यावर टाकू नका. समोर इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला, तर मिसिंग जोरात आहे. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते, आणि तो फार महाग असतो. पाय हलका करा, सुरक्षित जागी थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. दिवा नुसता स्थिर असेल, तर हळू चालवत गॅरेज गाठता येते. दुसरी गोष्ट : पंक्चर काढल्यावर किंवा चाक बदलल्यावर लगेच थरथर सुरू झाली, तर तिथेच थांबून चाकाचे नट पाहा. ढिले नट म्हणजे चाक निखळण्याची भीती. नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. टायरला फुगा आला असेल, तर स्टेपनी लावल्याशिवाय पुढे जाऊच नका.

गॅरेजमध्ये गेल्यावर "गाडी हलते" एवढेच सांगू नका. "ताशी ४० ला, तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर हादरते; पाय उचलला की थांबते," असे सांगा. दिवा लागला असेल, तर स्कॅनर लावायला सांगून कोड लिहून घ्या. पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पी ०३०० म्हणजे कुठल्याही एकाच सिलिंडरमध्ये नव्हे. प्लग, फिल्टर, बॅलन्सिंग ही स्वस्तातली तपासणी आधी, मोठी कामे नंतर. अंदाजे खर्च आधी विचारावा आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. यात संकोच कसला? दुधाचा हिशेब आपण रोज ठेवतोच की! गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा आणि तारीख, किलोमीटर, केलेले काम, दिलेले पैसे त्यात लिहीत जा. पुढच्या खेपेला गाडी थरथरली, तर पहिले उत्तर त्या वहीतच सापडेल.